मेयरची पोटनिवडणूक लागली की काय काय करायचं (ओकलंड धरून)

प्रेसिडेंटच्या इलेक्शनला आपल्या लोकांची जागरणं होतात, पण शहराच्या मेयरची पोटनिवडणूक लागली तर निम्म्यांना ती होऊन गेल्यावरच कळतं. इथे अमेरिकेत तिला स्पेशल इलेक्शन म्हणतात आणि ती नेहमीच्या नोव्हेंबरातच येईल असं नाही हीच मोठी भानगड. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची २०२५ ची मेयरची पोटनिवडणूक झाली ती १५ एप्रिलला, म्हणजे टॅक्स भरायच्या शेवटच्या दिवशी, आता सांगा त्या दिवशी कोणाच्या डोक्यात मतदान असणार. पण गर्दी कमी म्हणजे तुमच्या एका मताला वजन जास्त, त्यामुळे नियम नीट कळून घेतले तर फायदा तुमचाच. खाली मुख्यतः ओकलंड आणि कॅलिफोर्नियाचं सांगतेय, मधे मधे दुसऱ्या शहरांचे दाखले दिलेत, कारण प्रत्येक शहराचा कायदा वेगळा आहे आणि सगळी गोम तिथेच आहे.

आधी चार्टर बघा, उमेदवार नंतर

अमेरिकेतल्या मोठ्या शहरांना बहुतेक ठिकाणी स्वतःचं चार्टर असतं, म्हणजे शहराची घटना म्हणा. गूगलवर शहराचं नाव टाकून पुढे चार्टर, मेयर आणि व्हेकन्सी एवढं टाकलं की ते कलम सापडतं, एखाद-दोन पानांचंच असतं, घाबरू नका. त्यात तीन गोष्टी शोधायच्या: आत्ता खुर्चीवर कोण बसणार, निवडणूक किती दिवसांत घ्यावी लागते, आणि जिंकणाऱ्याला किती काळ मिळणार. ह्या तीन गोष्टी कळल्याशिवाय बातम्या वाचून काहीही अर्थ लागत नाही, नुसती डोक्याला कल्हई.

ओकलंडचंच घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या लोकांनी मेयर शेंग थाओ यांना रिकॉल केलं, म्हणजे मुदत संपायच्या आधीच मतदान करून घरी पाठवलं, ओकलंडच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. मग सिटी कौन्सिलची, म्हणजे नगरसेवकांच्या सभेची, प्रेसिडेंट आपोआप हंगामी मेयर, म्हणून निकी फॉर्च्युनाटो बास आल्या, पण त्या त्याच निवडणुकीत काउंटीच्या (आपला जिल्हा म्हणा) बोर्डावर निवडून आल्या होत्या त्यामुळे जानेवारीत तिकडे गेल्या, मग नवे कौन्सिल प्रेसिडेंट केव्हिन जेन्किन्स खुर्चीवर, आणि शेवटी निवडून आल्या बार्बरा ली. डिसेंबर ते मे एवढ्यात चार जणांनी ती खुर्ची बघितली. चार्टर म्हणतं जागा रिकामी झाली की १२० दिवसांत निवडणूक घ्या, म्हणून ती एप्रिलची तारीख आली, कोणी मुद्दाम टॅक्सच्या दिवशी ठेवली नव्हती. आणि जिंकणाऱ्याला पूर्ण चार वर्षं नाही मिळत, फक्त थाओ यांची उरलेली मुदत, म्हणजे जानेवारी २०२७ पर्यंत. हे लक्षात ठेवा, कारण ‘दहा वर्षांत शहराचा कायापालट’ असलं काहीतरी सांगणारा उमेदवार दोन वर्षांहून कमी वेळात नक्की काय करणार आहे हे विचारायला हवं.

आता हेच सॅन फ्रान्सिस्कोत वेगळं. १२ डिसेंबर २०१७ ला मेयर एड ली अचानक वारले, बोर्ड ऑफ सुपरवायझर्सच्या, म्हणजे तिथल्या कौन्सिलच्या, प्रेसिडेंट लंडन ब्रीड यांच्याकडे कारभार आला, पण तिथे बोर्डाला बहुमताने दुसरा हंगामी मेयर नेमता येतो आणि त्यांनी जानेवारीत तसं केलंच, मार्क फॅरेल यांना बसवलं. वाद असा होता की ब्रीड स्वतः जूनच्या निवडणुकीला उभ्या आहेत, मग मेयर म्हणून मिरवण्याचा फायदा त्यांना का द्यायचा. गंमत म्हणजे एवढं करूनही जूनमध्ये जिंकल्या त्याच.

शिकागोत तर १९८७ च्या नोव्हेंबरात हॅरल्ड वॉशिंग्टन पदावर असताना वारले, कौन्सिलने आपल्यातूनच यूजीन सॉयर यांना बसवलं आणि लोकांना मत द्यायला मिळालं ते थेट एप्रिल १९८९ ला, जवळजवळ दीड वर्षाने. तेव्हा रिचर्ड एम. डेली आले आणि पुढे २०११ पर्यंत हललेच नाहीत. नॅशव्हिलमध्ये २०१८ ला मेगन बॅरी यांनी राजीनामा दिल्यावर इलेक्शन कमिशनने ऑगस्टची तारीख ठरवली होती, त्यावर लोक कोर्टात गेले, टेनेसीच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नाही, मे महिन्यातच घ्या, आणि २४ मेला ती झाली. म्हणजे तारीख जाहीर झाली तरी ती पक्की समजू नका, काउंटीच्या वेबसाइटवर अधूनमधून बघत जा.

तुम्हाला मत आहे का

मत फक्त सिटिझनला. हे सगळ्यांना माहीत असतं तरी ग्रीन कार्डवाले अडकतात, बहुतेक वेळा डीएमव्हीत, म्हणजे लायसन्सच्या ऑफिसात. लायसन्सचा फॉर्म भरताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, माणूस घाईत असतो, हो हो करत पुढे जातो. सिटिझन नसताना ‘मी सिटिझन आहे’ असं लिहून नोंदणी झाली तर पुढे सिटिझनशिपच्या वेळी, आणि त्याआधीही, फार मोठं झेंगट मागे लागू शकतं, अगदी देशाबाहेर काढण्यापर्यंत. तो प्रश्न दोनदा वाचा. चुकून नोंदणीचं पत्र घरी आलंच तर ते तसंच ड्रॉवरमध्ये टाकू नका, इमिग्रेशन वकिलाला दाखवा.

मत नसलं तरी काहीच करता येत नाही असं नाही. ग्रीन कार्डवाल्यांना उमेदवाराला देणगी देता येते, एच-वन-बी वाल्यांना नाही, तिथे कायदा स्पष्ट आहे आणि तो शहराच्या निवडणुकीलाही लागू होतो. फुकट व्हॉलंटिअर म्हणून दारोदार जाणं, फोन करणं हे मात्र व्हिसावाल्यांनाही चालतं, फक्त पैसे घ्यायचे नाहीत आणि मोहिमेचे निर्णय घेण्यात पडायचं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत सिटिझन नसलेल्या पालकांना शाळा मंडळाच्या निवडणुकीत मत आहे, त्यावरून कोणीतरी व्हॉट्सअॅपवर ‘आता मेयरलाही देता येतं’ असं फॉरवर्ड करतं, ते खोटं आहे.

दुसरी गोष्ट शहराची हद्द. बे एरियात पन्नास गावं एकमेकांना चिकटलेली, त्यात ओकलंडच्या पोटातच पीडमाँट नावाचं छोटं वेगळं शहर आहे, चारी बाजूंनी ओकलंड, पण तिथे राहणाऱ्याला ओकलंडच्या मेयरला मत नाही. एमरीव्हिल, बर्कली, सॅन लिआंड्रो, अलमीडा ही सगळी वेगळी. आपली मराठी मंडळी जास्त करून फ्रीमाँट, सॅन रमोन, डब्लिनकडे, त्यांचा तर प्रश्नच नाही. पोस्टाच्या पत्त्यावर भरवसा ठेवू नका, काउंटीच्या रजिस्ट्रारच्या, म्हणजे निवडणुका घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या, साइटवर पत्ता टाकून तुमच्या बॅलटवर (मतपत्रिकेवर) कोणकोणत्या जागा आहेत ते बघा, तेच खरं.

आणि घर बदललं असेल तर पत्ता बदला, आत्ता, हे वाचताना. बॅलट पुढच्या पत्त्यावर फॉरवर्ड होऊन येईल म्हणून बसून राहू नका.

तारखा आणि तो बॅलटचा लिफाफा

कॅलिफोर्नियात आता प्रत्येक चालू नोंदणी असलेल्या मतदाराला घरी बॅलट येतं, मागायला लागत नाही. निवडणुकीच्या २९ दिवस आधी ती पोस्टात पडायला लागतात. नोंदणीची नेहमीची मुदत १५ दिवस आधी संपते, ओकलंडच्या वेळी ती ३१ मार्च होती. ती चुकली तरी मतदानाच्या दिवसापर्यंत जाऊन नोंदणी करून तिथेच मत देता येतं, त्याला कंडिशनल नोंदणी म्हणतात, मत मोजतात पण तपासून, थोडं उशिरा. अलमीडा काउंटीच्या रजिस्ट्रारचं ऑफिस ओकलंडमध्येच फॉलन स्ट्रीटवर आहे, बार्टच्या, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनच्या, लेक मेरिट स्टेशनहून चालत जाता येतं. नुकतीच सिटिझनशिपची शपथ घेतली असेल तर हा रस्ता लक्षात ठेवा, कारण शपथेची तारीख तुमच्या हातात नसते आणि ती नेमकी मुदतीनंतर येते.

बॅलट भरणं सोपं आहे, सगळा घोळ सहीत होतो. लिफाफ्याच्या मागे सही करायची असते आणि ती नोंदणीतल्या सहीशी ताडून बघतात. आता नोंदणीतली सही कुठून आलेली असते, तर बऱ्याचदा डीएमव्हीतल्या त्या काळ्या पॅडवरून, जिथे प्लास्टिकच्या काडीने आपण काहीतरी गिरबटलेलं असतं. आणि आपल्यातल्या कितीतरी जणांच्या सह्या दोन, बँकेत भारतातली जुनी मराठीतली आणि इथे इंग्रजीतली. तुमच्या लायसन्सवर बघा, तिथे जी दिसतेय तशीच साधारण करा. नवऱ्याने बायकोच्या लिफाफ्यावर आणि बायकोने नवऱ्याच्या, हेही होतं, दोन्ही लिफाफे डायनिंग टेबलवर शेजारी पडलेले असतात म्हणून. नाव छापलेलं असतं, एकदा बघून घ्या.

पोस्टात टाकायचं तर तिकीट लागत नाही. मतदानाच्या दिवसापर्यंतचा पोस्टाचा शिक्का हवा आणि मग सात दिवसांत पोचलं तरी चालतं, पण संध्याकाळी कोपऱ्यावरच्या निळ्या पेटीत टाकलं तर शिक्का दुसऱ्या दिवशीचा बसू शकतो. शेवटच्या दोन-तीन दिवसांत पोस्टाच्या नादी लागूच नका, काउंटीच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाका, तो शेवटच्या दिवशी रात्री आठपर्यंत उघडा असतो.

एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर

ओकलंड आणि सॅन फ्रान्सिस्कोत रँक्ड चॉइस आहे. एका उमेदवारावर शिक्का मारून मोकळं व्हायचं नाही, पसंतीक्रम द्यायचा, ओकलंडला सध्या पाचपर्यंत. हॉटेलात आपण सांगतो ना, मिसळ असेल तर मिसळ, संपली असेल तर साबुदाणा वडा, तोही नसेल तर पोहे, तसंच. पहिल्या पसंतीत कोणाला निम्म्याहून जास्त मिळाली तर संपलं, नाहीतर सगळ्यात खालचा उमेदवार बाद आणि त्याची मतं त्या त्या मतदाराच्या पुढच्या पसंतीकडे, असं करत करत दोघं उरेपर्यंत.

ह्यात लोक हुशारी करायला जातात आणि फसतात. पाचही रकान्यांत एकाच उमेदवाराला भरलं म्हणजे त्याला पाच मतं मिळत नाहीत, एकच मिळतं, आणि तो बाद झाला तर तुमचा कागद तिथेच थांबला. एकाच क्रमांकावर दोघांना भरलं तर तो क्रमांक आणि त्याच्या पुढचेही वाया. आणि दुसऱ्याला पसंती दिली की पहिल्याचं नुकसान होतं हा गैरसमज आहे, पहिला शर्यतीत आहे तोपर्यंत दुसऱ्या पसंतीकडे कोणी बघतही नाही. पहिला रकाना रिकामा सोडू नका हेही सांगून ठेवते. नोव्हेंबर २०२२ ला अलमीडा काउंटीच्या मोजणीत असे पहिला रकाना रिकामे असलेले कागद चुकीच्या पद्धतीने धरले गेले, निकाल अधिकृत जाहीर झाल्यावर ते लक्षात आलं, आणि ओकलंडच्या शाळा मंडळाच्या एका जागेवर चक्क चुकीचा माणूस विजयी ठरला होता, प्रकरण कोर्टात जाऊन मग बदललं.

दुसरी-तिसरी पसंती कशाला भरायची असं वाटत असेल तर त्याच वर्षीची मेयरची निवडणूक बघा. पहिल्या पसंतीत लोरेन टेलर पुढे होते, शेवटच्या फेरीत शेंग थाओ जिंकल्या, फरक ६७७ मतांचा. एवढी माणसं तर एखाद्या मोठ्या गणपती कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत असतात. सॅन फ्रान्सिस्कोत २०१८ ला मार्क लेनो आणि जेन किम यांनी आपापल्या लोकांना सांगितलं की पहिलं मत मला, दुसरं ह्यांना, अशी जोडी लावूनही ब्रीड ५०.५५ विरुद्ध ४९.४५ टक्क्यांनी निसटून निघाल्या. तेव्हा उमेदवार जोड्या लावतायत का ह्यावर लक्ष ठेवा, त्यावरून कोण कोणाला घाबरतोय ते कळतं.

सगळीकडे ही पद्धत नाही. सॅन डिएगोत २०१३ ला बॉब फिल्नर यांनी राजीनामा दिला, १९ नोव्हेंबरला मतदान झालं, कोणालाच निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत, मग पहिले दोन, केव्हिन फॉकनर आणि डेव्हिड अल्वारेझ, यांच्यात ११ फेब्रुवारी २०१४ ला पुन्हा. अशा शहरात दोनदा मत द्यायचं असतं, पहिल्या फेरीला दिलं म्हणजे काम झालं असं समजून लोक दुसऱ्या फेरीला विसरतात.

कोणाला द्यायचं हे ठरवताना

मी कोणाला द्या सांगणार नाही, पण काय बघायचं ते सांगते. पहिलं म्हणजे मेयरच्या हातात काय आहे. पुण्या-मुंबईत महापौर नगरसेवक निवडतात आणि कारभार आयुक्त चालवतात, त्यामुळे आपल्याला महापौर म्हटलं की फीत कापणारा माणूस आठवतो. इथल्या मोठ्या शहरांत बऱ्याच ठिकाणी तसं नाही. ओकलंडमध्ये मेयर सिटी अॅडमिनिस्ट्रेटर नेमतो, बजेट मांडतो. पण तो कौन्सिलचा सदस्य नाही, आठ जणांचं कौन्सिल चार-चार अडलं तरच त्याचं मत, आणि बजेट पास करतं कौन्सिल. शाळा वेगळ्या मंडळाकडे, खटले चालवणं काउंटीच्या डिस्ट्रिक्ट अॅटर्नीकडे, बार्ट आणि एसी ट्रान्झिटच्या बस वेगळ्या संस्थांकडे. उमेदवाराचं पत्रक हातात घेऊन पेनाने खुणा करा, ह्यातलं कुठलं आश्वासन मेयर स्वतः पुरं करू शकतो, कुठल्याला कौन्सिलची पाच मतं लागतील, आणि कुठलं नुसतंच छान वाटतंय. निम्मं पत्रक तिथेच गळतं.

हंगामी मेयरबद्दलही हेच. सॅन डिएगोत फिल्नर गेल्यावर टॉड ग्लोरिया यांनी काही महिने कारभार बघितला पण व्हेटो वापरायचा, म्हणजे कौन्सिलचा निर्णय फेटाळायचा, अधिकार त्यांना नव्हता. तेव्हा ‘हंगामी असताना यांनी काहीच केलं नाही’ असं कोणी म्हणत असेल तर आधी चार्टर.

दुसरं, घरी येणारी चकचकीत कार्डं. पोटनिवडणुकीत वेळ कमी म्हणून मेलबॉक्स भरून वाहतो. चेहऱ्याचा फोटो आणि मोठी अक्षरं सोडा, कडेला बारीक अक्षरांची चौकट शोधा. तिथे ‘पेड फॉर बाय’ म्हणून समितीचं नाव असतं, आणि उमेदवाराच्या परवानगीशिवाय छापलंय असं लिहिलेलं असेल तर ते बाहेरच्या कोणाचं तरी कार्ड. कॅलिफोर्नियात अशा समितीला पन्नास हजार डॉलर किंवा जास्त देणाऱ्यांतल्या सगळ्यात मोठ्यांची नावं तिथेच छापावी लागतात. समितीचं नाव ‘सुरक्षित शेजार’ टाइपचं गोड असतं आणि खाली देणगीदार बिल्डर, युनियन किंवा हेज फंडवाला. त्यात बेकायदा काही नाही, पण आपल्याला कळलं पाहिजे ना. आणखी खोदायचं असेल तर फॉर्म ४६० म्हणून हिशेबाचा फॉर्म असतो, आणि निवडणुकीआधीच्या ९० दिवसांत हजार डॉलर किंवा जास्त आले तर २४ तासांत फॉर्म ४९७ भरावा लागतो, दोन्ही ऑनलाइन बघता येतात. शेवटच्या आठवड्यातले ४९७ बघाच, खरी मजा तिथे.

तिसरं, बॅलटची पूर्ण यादी वाचा. मेयरच्या नावाखाली इतर गोष्टीही येतात. ओकलंडला त्याच दिवशी डिस्ट्रिक्ट २ च्या कौन्सिलची जागा होती, आणि मेझर ए, सेल्स टॅक्स अर्ध्या टक्क्याने वाढवायचा प्रस्ताव, तो पास झाला आणि टॅक्स १०.७५ टक्क्यांवर गेला. मेयर कोणीही येवो, तो टॅक्स रोजच्या खरेदीत लागतोय.

मोजणी बघताना बीपी वाढवून घेऊ नका

रात्री आठला मतदान संपलं की थोड्याच वेळात पहिले आकडे येतात, ते मुख्यतः लवकर आलेल्या टपाली मतांचे. शेवटच्या दिवशी ड्रॉप बॉक्समध्ये पडलेली आणि पोस्टाने मागाहून येणारी मतं पुढचे कितीतरी दिवस मोजली जातात आणि ती बहुतेक वेळा वेगळ्या वळणाची असतात. ओकलंडला २०२५ मध्ये मंगळवारी, पहिल्या रात्री, टेलर (२०२२ ला हरलेले तेच) थोडे पुढे होते, त्या आठवड्याच्या शेवटी बार्बरा ली पुढे गेल्या आणि शनिवारी टेलर यांनी हार मान्य केली. सॅन फ्रान्सिस्कोत २०१८ ला लेनो यांनी तर आठ दिवस थांबून मान्य केली. ह्यात कोणी मध्यरात्री मतं घुसवलेली नसतात, सह्या तपासत बसलेले लोक असतात. रँक्ड चॉइसमध्ये प्रत्येक नवीन आकड्यांबरोबर सगळ्या फेऱ्या पुन्हा चालवतात, त्यामुळे बादचा क्रमही बदलू शकतो, टीव्हीवरचा टक्का बघून पार्टी ठरवू नका.

तुम्ही मात्र ह्या दिवसांत एक काम करा. राज्याच्या ‘व्हेअर इज माय बॅलट’ मध्ये नाव टाकलेलं असेल तर बॅलट पोचलं, मोजलं असे मेसेज येतात. मोजलं असा मेसेज आला नाही, किंवा सही जुळत नाही असं पत्र काउंटीकडून आलं, तर मत अजून गेलेलं नसतं. त्या पत्रासोबत फॉर्म असतो, त्यावर सही करून दिलेल्या मुदतीत परत पाठवायचं, रजिस्ट्रारच्या ऑफिसात नेऊन दिलं तर आणखी बरं. हे पत्र साध्या पांढऱ्या पाकिटात येतं आणि ह्याच आठवड्यात मेलबॉक्समध्ये उरलीसुरली प्रचाराची कार्डंही असतात, तेव्हा सगळा गठ्ठा एकदम रिसायकलमध्ये टाकायच्या आधी काउंटीचं नाव असलेलं पाकीट बाजूला काढा.